पत्त्यांची वही

यंत्र सुरू झाल्यापासून एकविसाव्या मिनिटाला पडद्यावर पहिली अनोळखी ओळ उमटली. कुणीतरी आत शिरायचा प्रयत्न केला होता आणि त्याला नकार मिळाला होता. दुसरी ओळ तीन सेकंदांनी आली. मग दर तीन सेकंदांनी एक. नीलमने चाळीसपर्यंत मोजल्या आणि मोजणं सोडून दिलं.

सेलूच्या या कॉलेजात ती अकरा वर्षं संगणकाच्या प्रयोगशाळेत सहायक होती. रोज पिंगळीहून रेल्वेने यायची. समोर फळ्याजवळ प्रियांका मॅडम उभ्या होत्या. वय सव्वीस, जूनमध्ये तासिका तत्त्वावर लागलेल्या. त्यांनी आज क्लाउडवर, म्हणजे कुठल्यातरी दूरच्या कंपनीच्या संगणकावर, एक आभासी यंत्र उभं केलं होतं. ते मुद्दाम कच्चं ठेवलेलं. मुलांनी ते फोडायचं आणि फट कुठे राहते ते शिकायचं. शनिवारी नांदेडला स्पर्धा होती.

"अरे वा, किती ओळी यायल्यात बघा!" मॅडम खूश झाल्या. "कोण एवढ्या जोरात लागलंय?"

"मी न्हाई मॅडम," मागून महारुद्र म्हणाला. "माझा तर माउसच चालंना."

वर्ग हसला. नीलम हसली नाही.

सकाळी लाईट गेली तेव्हा राउटर बंद पडून पुन्हा सुरू झाला होता, आणि नेहमीप्रमाणे कॉलेजचा इंटरनेटवरचा पत्ता बदलला होता. यंत्र फक्त मॅडमनी आधी नोंदवलेला जुना पत्ता ओळखत होतं. त्याने सगळ्या वर्गाला बाहेरच ठेवलं. तेव्हा मॅडमनी घाईत, कुणाला आत येऊ द्यायचं त्या रकान्यात 'कुठूनही' निवडलं. मुलं आत गेली. आता जगातलं कुणीही जाऊ शकत होतं.

नीलम तेव्हा त्यांच्या खुर्चीमागेच उभी होती. दुपारच्या सुट्टीत ती स्वतःचं असंच एक यंत्र चालवायची. चार वर्षं, कुणाला न सांगता. लाईट गेली की नवा पत्ता वहीत लिहायचा आणि यंत्राला तेवढाच कळवायचा. ती वही आत्ताही तिच्या खणात होती. 'सगळ्यांना नका उघडू' एवढंच सांगायचं होतं. ती गप्प राहिली होती.

मुलं त्यांना मॅडम म्हणत, तिला ताई. त्यांना फळा होता, तिला वायरींचा डबा. आणि ती शिकवण्याची जागा! दरवर्षी मे महिन्यात तिचे अर्ज निघत. नीलमचं एम.एस्सी. होऊन तीन वर्षं झाली होती. "दिला का अर्ज?" धम्मानंद, तिचा नवरा, विचारायचा. "देते," ती म्हणायची. लिहिलेला अर्ज वहीतच घडी घालून पडला होता. जी जागा आपण मागितलीच नाही, ती दुसरीला मिळाली म्हणून जळायचा आपल्याला हक्क नाही, हे तिला कळत होतं. त्याने जळणं कमी होत नव्हतं.

नकारांच्या रांगेत एक होकाराची ओळ आली.

कुणीतरी आत गेलं होतं. नीलमच्या छातीत काहीतरी गोड सुटलं. पाच सेकंद तिने ते तसंच राहू दिलं.

"मॅडम, लय स्लो झालं हे," महारुद्र ओरडला.

प्रियांका मॅडमनी पडदा नीट वाचला. त्यांचा चेहरा उतरला. "ताई, हे आपल्यातलं कुणी न्हाई ना?"

"न्हाई. बाहेरचं हाय. तुमच्या यंत्रावरून दुसऱ्यांवर हल्ला करायलंय ते. कंपनीनं खातं बंद केलं तर शनिवार गेला. बंद करा आधी."

मॅडम बाजूला झाल्या. नीलमने माउस घेतला आणि यंत्र बंद केलं. ओळी थांबल्या.

"पोरांनो, चूक माझी झाली," मॅडम वर्गाकडे वळून म्हणाल्या. "मी सगळ्या जगाला दार उघडून दिलं."

कुणी हसलं नाही. इतक्या सहज म्हणता येतं हे? नीलमला त्याचाही हेवा वाटला.

"ताई, तुमाला कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं.

"तुमी 'कुठूनही' निवडलं तवाच."

"मग बोलल्या का न्हाईत?"

नीलमने खणातून वही काढून त्यांच्यापुढे ठेवली. पानापानावर तारखा आणि पत्ते होते. मधला घडीचा कागद तिने स्वतःच्या हातात ठेवला.

"माझ्याच्यानं बोलवलं न्हाई. चुकलंच माझं. आता नवं यंत्र मी लावून देते, आजचाच पत्ता टाकून." मुलं ऐकत होती. "आन् येत्या मे महिन्यात या जागेला मी अर्ज करणार हाय, मॅडम. तुमी केलात तरी."