धानाच्या पोत्यातला बेडूक

दामिनी शाळेत गेली की मी तिचा गेम हातात घ्यायची. हे तिला माहीत नव्हतं.

गेम म्हणजे तिच्या मामाने नागपूरहून आणलेला, दोन्ही हातांत धरून खेळायचा. डावीकडे चार दिशांचं बटण, उजवीकडे चार गोल बटणं, मध्ये काच. त्यात सिम नाही, नेट नाही, कुणाचा फोन येत नाही. एक तळं आहे, एक बेडूक आहे, आणि पानापानावरून उड्या मारत त्याला पलीकडे न्यायचं आहे. माझं मन मात्र दुसऱ्याच गोष्टीवर बसलं. बेडूक अर्ध्या उडीत असताना माझा तान्हा मुन्ना रडला, तर एक बटण दाबायचं आणि ठेवून द्यायचं. त्याला पाजून, पुसून, भाजी उतरवून अर्ध्या तासाने या, बेडूक तिथेच हवेत. या घरात माझ्यासाठी इतकं थांबणारं दुसरं कोणी नाही.

दामिनी तिसरीत आहे. त्या दिवशी जाताना तिने गेम फळीवर ठेवला आणि म्हणाली, "आई, मी सत्ताविसाव्या तळ्यावर आहे. ते माझं मीच पार करीन. कोणी हात लावायचा नाही."

"मी कायले हात लावू?" मी म्हटलं.

पोरीने मान डोलावली. तिचा माझ्यावर विश्वास आहे. तशी मी तिच्या जुन्या तळ्यांवरच खेळायची, पुढच्याला शिवायची नाही. एवढा प्रामाणिकपणा मी पाळला होता.

दहा वाजता मी खेळत बसले होते, तेवढ्यात मुन्नाने पाण्याच्या गडव्याला लाथ मारली आणि सगळं पाणी गेमवर. काच काळी झाली. मी पदराने पुसत बसले, तर सासूबाई आल्या. "अवं, रडून काय राहिली? मोबाईल तांदळात ठेवतेत ना लोकं, तसंच ठेवू."

"तांदूळ संपलाय, आई. डबा खडखडीत आहे."

"मंग धानात ठेव. तांदूळ का आभाळातून पडते?"

ओसरीत उन्हाला धानाची दोन पोती उभी होती. सासूबाईंनी गेम रुमालात गुंडाळून एका पोत्यात कोपरापर्यंत हात घालून पुरला. मी मुन्नाला न्हाऊ घालायला गेले. बाहेर आले तर ओसरी रिकामी.

"आई, पोती कुठं गेली?"

सासूबाई शेंगा निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. "तुझे मामाजी घेऊन गेले. मिलवर. भरडाले." मग हळूच, "तांदूळ नाही म्हणून मीच तर सकाळपासून त्यायच्या मागं लागली होती."

मामाजी म्हणजे माझे सासरे, बकाराम. फोन खाटेवर ठेवूनच फिरतात. मी स्कूटी काढली. सासूबाई मुन्नाला घेऊन मागे बसल्या. आमगावच्या रस्त्यावर एवढंच डोळ्यांपुढे येत होतं की जाळीतून कोंडा, कणी आणि सत्ताविसावं तळं वेगवेगळं बाहेर पडतंय. दामिनी पाच वाजता घरी येते. तिला मी काय सांगणार होते?

"जोरात चालव," सासूबाई मागून म्हणाल्या. "नाही तं हळूच चालव. पोरगं आहे हातात."

मिलजवळ आलो तर आवाजच नाही. लाईन गेली होती. आत सात-आठ माणसं पाठमोरी, गोल करून उभी.

"छलांग मार दादा, छलांग," मिलवाला भैय्यालाल ओरडत होता.

"मारतो ना! पान सरकून राहिलं तं मी काय करू?"

हा आवाज मामाजींचा होता.

मी घोळक्यात शिरले. मामाजींनी पोत्यावर बैठक मारली होती. गेमचं उजवं टोक त्यांच्या हातात, डावं भैय्यालालच्या. काचेत बेडूक जिवंत होता. मी तिथेच कोंड्याच्या ढिगावर बसले.

"सूनबाई, तू कायले आली?" मामाजींनी मान वर न करता विचारलं.

भैय्यालालने सांगितलं, "भाभी, लाईन गई, मशीन बंद, सब शांत. और आपका बोरा गाना गाने लगा. इतने साल मिल चलाई, धान को गाते पहली बार सुना." उन्हाने तापलेल्या धानात गेम वाळला होता, आणि कुणीतरी पोतं ओढताना बटण दाबलं जाऊन त्याचं गाणं सुरू झालं होतं.

एवढ्यात बेडूक शेवटच्या पानावरून काठावर गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काचेवर आकडा आला, अठ्ठावीस.

"झालं," मी म्हटलं.

पाच वाजता दामिनीने गेम उघडला, आकडा पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. मी काही लपवलं नाही. गडवा, पोतं, मिल, आणि रोजचं खेळणंही सांगून टाकलं. तिचे डोळे भरले.

"तू म्हणाली होतीस, हात लावत नाही."

"खोटं बोलले, बेटा."

ती आजोबांकडे वळली. "तुम्ही पार केलं? कसं?"

"मले काय मालूम? मी एकच बटण दाबत होतो. डावीकडं भैय्यालाल होता. तो म्हणे मार, मी मारो."

"दोघांनी मिळून?" तिने नाक पुसलं. "मी एकटीच करत होते, म्हणून पडत होते." मग माझ्या शेजारी येऊन गेमचं उजवं टोक माझ्याकडे सरकवलं. "तू बटण दाब. मी सांगेन तेव्हाच. आधी नाही."

आम्ही सत्ताविसावं तळं पुन्हा उघडलं. मी घाई केली, बेडूक पाण्यात पडला. दुसऱ्यांदा उशीर केला, पुन्हा पडला.

"आई, तू रोज खेळतेस ना?" दामिनी म्हणाली. "मग एवढी कच्ची काऊन?"

सासूबाई स्वयंपाकघरातून हसल्या. लाईन आल्यावर भरडून आणलेल्या नव्या तांदळाचा भात उतू चालला होता, पण मला उठता येईना. आमचा बेडूक मधल्या पानावर होता, आणि दामिनी म्हणत होती, "थांब... थांब... आता."