खुर्चीतलं मूल

आमच्या वसाहतीत माध्यमिक शाळेची आखणी सुरू झाली तेव्हा माझ्या भिंगरीचे दुधाचे दात पडत होते. आता माझ्या चपला तिला होतात, आणि आखणी चालूच आहे.

वसाहत म्हणजे निरनिराळ्या देशांतून, आपल्या मर्जीने, एकत्र राहायचं म्हणून आलेली माणसं. एक स्वयंपाकघर, एक मळा, एक धुण्याची खोली. शिवणखोली माझ्याकडे. कुठल्याही देशाची विजार असो, फाटते ती एकाच जागी, हे ज्ञान मला इथेच मिळालं. माणसं वाईट नाहीत. मी आजारी होते तेव्हा यांनी आळीपाळीने माझ्या उशाशी रात्री काढल्या. म्हणूनच तर राग धड काढता येत नाही. वाईट माणसांवर रागावणं किती सोपं असतं!

आमच्याकडे सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय पान हलत नाही. एकाने जरी हात आडवा केला तरी विषय पुढच्या बैठकीत. शाळा मुलाच्या डोक्याची, हाताची, मनाची, सगळ्याची काळजी घेणारी हवी, यावर एकमत पटकन झालं. पुढे घोडं पेंड खायला लागलं. शाळेच्या भिंती गोल हव्यात, हे ठरलं. गोल भिंतीवर फळा कसा बसवायचा, यात एक अख्खा हिवाळा गेला. मग घंटा असावी का? घंटेने मूल दचकतं. मग तास संपला हे कळणार कसं? तास असावेत का? अशी चर्चेची गुऱ्हाळं, आणि रस कुणाच्याच पेल्यात नाही.

या सगळ्याचा मुख्य कारभारी माझा नवरा.

आणि या सगळ्याच्या मधोमध ती खुर्ची. कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की आपण शाळा मुलांसाठी करतोय, तर बैठकीत मुलाची जागा हवी. सुताराने जीव ओतून छोटी खुर्ची केली. उशी मी शिवली, पिवळी, कडेने निळी पट्टी. बैठकीच्या गोलात ही खुर्ची कायम रिकामी. काहीही ठरवायच्या आधी सगळ्यांनी तिच्याकडे बघत गप्प बसायचं आणि मूल काय म्हणतंय ते ऐकायचं. मग ज्याला जे ऐकू आलं ते त्याने सांगायचं. पहिल्यांदा हे झालं तेव्हा माझेही डोळे भरून आले होते, खोटं का बोलू. पण वर्षं सरली तसं माझ्या लक्षात आलं, की वास्तुतज्ज्ञाला खुर्चीतलं मूल नेहमी खिडक्यांबद्दल सांगतं, माळ्याला झाडांबद्दल, आणि श्वासाचे वर्ग घेणाऱ्या श्वासबाईंना एकच गोष्ट सांगतं: "घाई नको."

दरम्यान खरं मूल घरात होतं. वसाहतीची लहान मुलांची शाळा भिंगरीची गेल्याच वर्षी संपली. तेव्हापासून ती "मुक्तपणे शिकत" होती, म्हणजे तण उपटत होती आणि लोकांच्या चादरी वाळत घालत होती. एकदा स्वयंपाकघरात तिने सोड्यावर व्हिनेगर ओतलं.

"फसफसलं बघ," मी म्हटलं.

"फसफसतं ते मला माहितीये गं. का फसफसतं ते कोण सांगणार? तुझी खुर्ची?"

मी तिला गुपचूप गावातल्या शाळेत घेऊन गेले. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "सोमवारपर्यंत जागा ठेवते. पुढे नाही जमायचं." आमची अडचण अशी, की आपली शाळा आपल्याच मुलांनी सुरू होईल, कुणी मूल बाहेर घालणार नाही, असा शब्द सगळ्यांनी एकमेकांना दिला होता. सगळ्यात मोठ्या आवाजात माझ्या नवऱ्याने. घरी येऊन मी त्याला सोमवारचं सांगितलं.

"शनिवारच्या बैठकीत होईल गं," तो म्हणाला. "सुतारशाळेमागची खोली तयार आहे. शिकवायला दोघं तयार आहेत, त्यातला एक तर रसायनच शिकवायचा. फक्त हो म्हणायचंय."

"आणि नाही झालं तर?"

"तू नेहमी नाहीपासूनच का सुरुवात करतेस?"

शनिवारी नवऱ्याने सगळं नीट मांडलं. खोली, दोन शिक्षक, गोल भिंती होतील तेव्हा होतील. माना हलत होत्या. मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं. मग आम्ही खुर्चीकडे बघत गप्प बसलो.

श्वासबाईंनी डोळे उघडले. हसल्या, अगदी मायेने.

"मला ऐकू आलं," त्या म्हणाल्या. "मूल म्हणतंय, घाई नको. ती खोली चौकोनी आहे. मुलाला तिथे कोंडल्यासारखं होतंय."

आणि त्यांनी हात आडवा केला.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला तेव्हा नीट कळलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात दार वाजलं. भिंगरी चहाची किटली घेऊन आत आली. ती बाहेरून ऐकत होती, हे तिच्या कानांवरून कळत होतं. रागावली की माझ्यासारखेच तिचे कान लाल होतात. तिने किटली खाली ठेवली, गोल ओलांडला आणि त्या खुर्चीत जाऊन बसली. खुर्ची इतकी लहान की गुडघे हनुवटीला आले.

कुणीतरी श्वास आत ओढला.

"मला कोंडल्यासारखं होत नाही," ती म्हणाली. "मला चौकोनी खोली चालेल. गोठासुद्धा चालेल. तुम्ही सोमवारी सुरू करताय का?"

"बाळ," श्वासबाई हळूच म्हणाल्या, "ती खुर्ची सगळ्या मुलांची आहे. एका मुलाची नाही."

"मग बाकीची कुठायत?"

माळी खाली बघून हसला. वास्तुतज्ज्ञ म्हणाला, की मुद्दा चांगला आहे, पुढच्या बैठकीत घेऊ. मी नवऱ्याकडे बघत होते. गोलातल्या बाकी कुणाकडूनही माझी काही अपेक्षा नव्हती. एकदा, फक्त एकदा याने आपल्या लेकीकडे बघून हो म्हणावं.

"भिंगरी," तो म्हणाला. "ऊठ तिथून."

ती उठली. तिचं उठणं मी बघितलं आणि माझ्यातलं काहीतरी तुटलं.

"बसव तिला परत," मी म्हटलं. "इतकी वर्षं रिकाम्या लाकडाचं ऐकलंत. त्याला कधी भूक लागली नाही, त्याची पावलं वाढली नाहीत, म्हणून तुम्हाला ते मूल आवडतं. त्याच्यासाठी थांबायला काय जातं?"

"तू रागात आहेस," श्वासबाई म्हणाल्या. "आपण सगळे एक दीर्घ श्वास घेऊ या."

"घ्या. माझ्या वाटचाही घ्या."

मी खुर्चीवरची उशी उचलली. का, ते माहीत नाही. माझ्या हातची होती, एवढंच तेव्हा सुचलं.

सोमवारी आम्ही दोघी बसने गावात गेलो. नवरा मागच्या सीटवर होता. त्याला मी बोलावलं नव्हतं आणि उतर असंही म्हटलं नाही. दोन दिवस आमच्यात मिठापुरतंसुद्धा बोलणं झालं नव्हतं. शाळेची इमारत पेटीसारखी चौकोनी. घंटा अशी कर्कश की मीच दचकले. मुख्याध्यापिकाबाईंनी भिंगरीला गणितं घातली; निम्मी चुकली. एक इयत्ता खाली बसावं लागेल, म्हणाल्या. तिच्याहून बुटक्या मुलींमध्ये. भिंगरी म्हणाली, "चालेल."

"मग बस जा," बाई म्हणाल्या.

बाक जमिनीला ठोकलेला, लाकूड दगडासारखं. दारातून मी बरोबर आणलेली उशी पुढे केली.

"आई!" ती दातांतल्या दातांत म्हणाली. "इथे कुणी उशी आणत नाही. जा ना तू."

आणि पाठ करून बसली, ताठ, फळ्याकडे तोंड. सपाट भिंतीवर सपाट फळा. कुणाचंही एकमत न घेता टांगलेला.

फाटकाबाहेर नवरा उभा होता.

"घेतलं?" त्याने विचारलं.

"घेतलं. एक वर्ष खाली."

"मी तिला ऊठ म्हणायला नको होतं," तो म्हणाला.

"नको होतं."

माझा राग इतक्यात जायचा नव्हता, आणि जावा असं मला वाटतही नव्हतं. बस येताना दिसली तेव्हा मी उशी त्याच्या हातात दिली.

"धर. खुर्चीवर नेऊन ठेव परत. पुढच्या बैठकीत तू बस तिच्यावर. गुडघे हनुवटीला लागले की कसं वाटतं, ते सगळ्यांना सांग."

त्याने उशी घेतली. घरी पोचेपर्यंत ती त्याने मांडीवरून काढली नाही.