झाकणावरचं नाव

जंतू वाढवायच्या प्लेटच्या बुडाला नाव लिहायचं, झाकणाला नाही. प्रयोगशाळेतला हा अगदी पहिल्या दिवशीचा नियम. झाकणं काय, याची त्याला जातात. स्वयंपाकघर चालवणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायची गरज नाही. आणि तरी ठमीच्या आईनं त्या दिवशी नावं झाकणांवरच लिहिली.

करणार काय, पोरी हातात होत्या. ती आणि तिची बाकावरची जोडीदारीण, मनूची आई, दोघी घर-संसार सांभाळून पुन्हा कॉलेजला येत होत्या. सकाळी जीवशास्त्राची प्रयोगशाळा, दुपारी व्यवसायाची तोंडओळख. पुढे दोघींनी मिळून पाणी तपासून द्यायची एक खोली थाटायची, असा बेत होता. पोरी शेजारच्या पाळणाघरात. हातावर केवढे जंतू असतात हे वर्गाला दाखवायला मॅडमनी पोरींनाच बोलावलं. प्लेटमधल्या खळीसारख्या थरावर दोघींनी तळहात टेकवले. ठमीची करंगळी दारात चेमटली होती, तिच्यावर पट्टी होती. मनू म्हणाली, "गार आहे," आणि हसत सुटली.

उबेच्या कपाटातून प्लेटा बाहेर आल्या तेव्हा त्यांत दोन हात उगवले होते. पांढऱ्या-पिवळ्या ठिपक्यांचे, इवले. ठमीच्या आईनं कौतुकानं दोन्ही झाकणं उघडून सगळ्यांना दाखवले. मग मॅडमनी ते फ्रिजमध्ये ठेवले. थंडीत जंतू वाढत नाहीत, मरतही नाहीत.

त्याच आठवड्यात मनूला ताप चढला. तो उतरलाच नाही.

तेव्हापासून ठमीच्या आईचा हात लेकीच्या कपाळावरून निघेना. ठमी शिंकली की ही थर्मामीटर काढी. आणि डोक्यातून एकच गोष्ट जाईना: फ्रिजमध्ये ते दोन हात शेजारी शेजारी आहेत. मनू गेली, पण तिचा हात तिथं जिवंत आहे, आणि त्याला लागून ठमीचा. आपण विज्ञान शिकतोय, असं तिनं स्वतःला बजावून पाहिलं. उपयोग शून्य.

म्हणून प्रयोगशाळेचे काका टाकाऊ प्लेटा पिशवीत भरत होते तेव्हा तिनं 'ठमी' लिहिलेली प्लेट काढली आणि त्यांच्यापुढे धरली.

"ही पण जाऊ द्या, काका."

"अहो, लेकीचा हात ना हा?"

"म्हणूनच."

काकांनी खांदे उडवले. वाफेच्या यंत्राचं झाकण आवळलं गेलं, शिट्टीसारखा आवाज झाला, आणि तिला हायसं वाटलं.

त्यानंतर थोड्याच वेळात मनूची आई दारात उभी. मनू गेल्यानंतर ती पहिल्यांदाच येत होती. सगळे तिला मनूची आईच म्हणायचे; आता हाक कशी मारायची ते कुणाला कळेना. ती सरळ फ्रिजकडे गेली.

"आहे ना अजून?" तिनं विचारलं.

"आहे," मॅडम म्हणाल्या. "तशी घरी नाही देता येणार. औषधाच्या वाफेवर जंतू मारते, कडेनं पक्की बंद करते, मग ने. आकार तसाच राहील."

त्यांनी 'मनू' लिहिलेली प्लेट उजेडात धरली. ठमीच्या आईचं लक्ष गेलं. चार बोटं स्वच्छ उगवलेली. करंगळीच्या जागी बोट नव्हतंच, नुसता पट्टीच्या विणीचा चौकोनी डाग.

झाकणं तिनंच उघडली होती. तिनंच परत लावली होती. मघाशी वाफेत गेली ती मनू होती. आणि ही ठमी.

मनूच्या आईनंही तो डाग पाहिला. "हे काय गं, करंगळीपाशी?"

आता सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. समोरच्या बाईकडे या जगात लेकीचं एवढंच उरलं होतं, आणि तेही उरलं नव्हतं.

"हलवला असेल हात," ठमीची आई म्हणाली. "तुझी कुठं एका जागी ठरायची."

मनूची आई हसली. "हो गं. वळवळीच होती नुसती."

मॅडमनी प्लेट काचेच्या पेटीत ठेवली, औषधाचा बोळा आत सोडला, पेटी बंद केली. आपल्या जित्याजागत्या लेकीचा हात काचेआड मरताना ठमीची आई उभ्यानं बघत राहिली. मग पाळणाघराकडे पळत सुटली. ठमी मजेत ठोकळे रचत होती. आईनं तिचा हात गालाला लावला. गार लागला. नुकताच धुतला असेल, तिनं मनाशी म्हटलं.

पुढच्या आठवड्यात पाळणाघर बंद होतं, म्हणून ठमी आईबरोबर व्यवसायाच्या तासाला आली. सर भागीदारीवर बोलत होते. नफा दोघांचा तसा तोटाही दोघांचा, एकाला सोडून दुसऱ्याला उठून जाता येत नाही. मनूच्या आईनं पर्समधून प्लेट काढून बाकावर ठेवली होती. प्लेटशिवाय ती आता कुठंच जात नसे.

आई आवरायच्या आत ठमीनं प्लेटवर हात ठेवला. तळव्यावर तळवा, बोटावर बोट. करंगळी बरोबर त्या डागावर, आणि नख अजून काळं.

"ठमे, उचल हात," आई दबक्या आवाजात म्हणाली.

"राहू दे." मनूच्या आईनं ठमीच्या हातावर आपला हात ठेवला. ती त्या काळ्या नखाकडे बघत होती. बराच वेळ बघत होती. मग तिनं मान वर केली. डोळ्यांत पाणी नव्हतं, रागही नव्हता.

"हिला रोज आणत जा," ती म्हणाली. "पाळणाघरात कशाला? माझ्याजवळ बसेल."

ठमीच्या आईनं मान डोलावली. हो म्हणण्यावाचून तिच्याकडे काही उरलं नव्हतं. बाकावर ठमी खुदकन हसली आणि म्हणाली, "गार आहे."