कंपनीची पत्रिका

सास्तूरच्या शंभुलिंग स्वामींनी आजवर कुणालाही 'ठाऊक नाही' असं उत्तर दिलेलं नव्हतं. म्हैस कधी विणार, पोराचा पोलीस भरतीत नंबर लागेल का, बोअर कुठल्या कोपऱ्यात घ्यावा, काहीही विचारा. स्वामी डोळे मिटायचे, बोटांची पेरं मोजायचे आणि उत्तर द्यायचे. उत्तर चुकलं तर ते ग्रहांचं चुकायचं, स्वामींचं नाही. असा हा बिनजोखमीचा धंदा वडिलांपासून चालत आला होता.

वडील पत्रिका हातानं लिहायचे. स्वामींनी काळ ओळखून कॉम्प्युटर आणला आणि पुण्याच्या एका कंपनीचं 'ग्रहसारथी प्रोफेशनल' नावाचं सॉफ्टवेअर विकत घेतलं. व्हर्जन चार. भूकंपानंतर पुनर्वसनात मिळालेल्या घराच्या पुढच्या खोलीत तो कॉम्प्युटर मांडला, मॉनिटरला रोज सकाळी विभूतीचे तीन पट्टे ओढले जाऊ लागले, आणि स्वामींकडं आता मशीन भविष्य सांगतं अशी बातमी लोहारा तालुकाभर झाली. माणसावर संशय घेता येतो, मशीनवर कोण घेणार? सोयरीक जुळवताना दोन्हीकडची मंडळी स्वामींचा कागद मधे ठेवून बोलायची. तो कागद आणि त्यावरचं स्वामींचं नाव हीच त्यांची इस्टेट होती.

श्रावण संपता संपता कॉम्प्युटरनं मान टाकली. नवा लॅपटॉप आणला, तर तो व्हर्जन चारला ओळखच दाखवेना. त्याच सुमाराला लोहाऱ्याच्या एका मोबाइल शॉपीवाल्यानं रिचार्ज करणाऱ्याला रंगीत पत्रिका फुकट द्यायला सुरुवात केली. लगीनसराईच्या आत नवं व्हर्जन बसलं नाही तर दोन पिढ्यांचं नाव एका रिचार्जवाल्याच्या घशात जाणार, हे सांगायला पंचांगाची गरज नव्हती.

त्यांनी कंपनीला फोन लावला. पलीकडून एक मुलगी बोलली. आवाज इतका गोड की स्वामींना तिची रास विचारावीशी वाटली.

"सर, तुम्ही आमचे खूप जुने ग्राहक आहात. जुन्या ग्राहकांना नव्या व्हर्जनवर चाळीस टक्के सूट आहे. फक्त या महिनाअखेरपर्यंत."

स्वामींनी कॅलेंडर बघितलं. महिनाअखेरपर्यंत सगळा पितृपंधरवडा. पितृपंधरवड्यात नवी वस्तू घेऊ नये म्हणून त्यांनी अख्ख्या गावाच्या मोटारसायकली आणि फ्रिज आजवर थोपवले होते.

"घिऊन टाका की," इरम्मा म्हणाली. इरम्मा म्हणजे स्वामींची बायको; गावातल्या महिला बचत गटाची अध्यक्ष. "पितरं काय कॉम्प्युटर बघाय येत्यात व्हय?"

"लोकास्नी एक सांगायचं आन आपुन दुसरं करायचं?" स्वामी म्हणाले. "दसऱ्याला घिऊ. साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त हाय."

दसऱ्याला आपट्याची पानं लॅपटॉपवर ठेवून स्वामींनी फोन केला. मुलगी तीच, गोडवाही तोच. सूट मात्र तीच राहिली नव्हती.

"सर, धोरण बदललंय. आता सवलत फक्त व्हर्जन पाच आणि त्यापुढच्या ग्राहकांना आहे. तुमचं चार आहे."

"मग मला पाच द्या."

"पाच आता बंद झालंय सर."

स्वामींनी हा खुलासा तिच्याकडून पुन्हा पुन्हा ऐकला. सूट पाचवाल्याला, पाच मिळत नाही, आणि नवं सुटीत घ्यायला पाच लागतं. आजवर लोकांना त्यांनी इतक्या शांती सांगितल्या होत्या, पण इतका पक्का दोष त्यांच्याही बघण्यात आला नव्हता.

दिवाळीत कंपनीचा मेसेज आला. नव्या ग्राहकांना निम्म्या किमतीत, जुन्यांना दहा टक्के सूट. आता मात्र स्वामींचं डोकं फिरलं आणि त्यांनी फोन लावला.

"म्हंजे ताई, इतकी वर्षं तुमच्या नावानं विभूती वढली, त्याला धा टक्के? आन काल रस्त्यानं जाणारा आत शिरला, त्याला निम्मं?"

"मी काय करू सर? सिस्टीमच तसं दाखवते."

'ग्रहच तसं दाखवतात' हे वाक्य स्वामींनी स्वतः हजारो लोकांना ऐकवलं होतं. ते ऐकणाऱ्याला कसं वाटतं, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं, आणि बरं वाटलं नाही. पण माणूस धंद्याचा. समोरचा ग्रहांच्या भाषेत बोलत असेल तर आपणही ग्रहांकडूनच मार्ग काढावा, असं त्यांच्या मनानं घेतलं.

"बरं, ताई, तुमची कंपनी कवा निघाली, ती तारीख सांगा."

मुलीनं वेबसाइटवरून तारीख वाचून दाखवली.

"आन येळ?"

"वेळ नाही माहिती सर. पण ऑफिस दहाला उघडतं."

स्वामींनी दहा धरले. वडिलांच्या जुन्या पंचांगावरून त्यांनी हातानं कंपनीची पत्रिका मांडली. दोन दिवस आकडेमोड चालली. तिसऱ्या दिवशी इरम्माला बोलावून लाभस्थानावर बोट ठेवलं.

"बघ. गुरू वक्री हाय, म्हणून कंपनीची बुद्धी फिरल्याली हाय. माघात मार्गी हुतोय. तवा लाभच लाभ. सूट सत्तर टक्क्याच्या खाली येतच न्हाय."

"आन तवर लोकास्नी काय द्यायचं?"

"हातानं लिहून दिऊ. वडील देत न्हवते का?"

तुळशीचं लग्न झालं, लगीनसराई सुरू झाली. हातानं लिहिलेली पत्रिका लोक दोन बोटांत धरून उलटसुलट करायचे. "स्वामी, कॉम्प्युटरची न्हाय का?" असं विचारायचे, कागद खिशात घालायचे आणि एस.टी. धरून लोहाऱ्याला जायचे. स्वामींना ते दिसत होतं. रात्री त्यांना झोप लागेना. तरी माघाची वाट बघण्याचा हट्ट सुटला नाही, कारण स्वतःचंच भविष्य स्वतः खोटं पाडणं कुठल्या ज्योतिषाला जमतं?

माघ आला. गुरू मार्गी झाला. स्वामींनी आंघोळ करून, लिंगपूजा आटोपून फोन लावला.

"सर, नव्या वर्षात किंमत वाढलीये. आणि जुन्या ग्राहकांची सवलत योजना आता बंद झालीये."

स्वामींनी फोन ठेवला आणि पत्रिका पुन्हा तपासली. एकही चूक सापडली नाही. लाभ सांगितला होता, लाभ झाला होता. फक्त पत्रिका ज्याची, लाभ त्याचा, एवढी साधी गोष्ट त्यांच्या ध्यानातून निसटली होती.

शेवटी तोड काढली ती इरम्मानं. बचत गटाच्या कर्जापायी तिनं इतक्या सरकारी योजना आल्या-गेल्या बघितल्या होत्या की धोरण बदललं तर ती रागवत नसे, आपण कुठल्या रकान्यात बसतो एवढंच बघत असे. तिनं स्वतः फोन केला.

"नव्या गिऱ्हाईकाला किती हाय ओ? साठ? आन बाईमाणूस आसल तर? आजून धा? मग लिहा माझं नाव."

तिच्याच मोबाइलवर ओटीपी आला आणि संध्याकाळपर्यंत व्हर्जन नऊ लॅपटॉपवर येऊन बसलं. स्वामींना बायकोच्या नावानं आपलीच वस्तू नव्यानं घ्यावी लागल्याची लाज वाटत होती. पण नव्या व्हर्जनची रंगीत कुंडली पडद्यावर उमटली तेव्हा ती लाज बरीच ओसरली.

पहिली पत्रिका गावातल्याच गुंडाप्पाच्या मुलीची. स्थळ तामलवाडीचं. प्रिंटरमधून झकास रंगीत कागद बाहेर आले, आणि प्रत्येक कागदाच्या तळाशी ठळक अक्षरांत छापलेलं होतं: 'ज्योतिर्विद सौ. इरम्मा शंभुलिंग स्वामी'.

स्वामींनी तसाच फोन फिरवला.

"नाव बदलता येईल सर. पण मग महिला सवलत रद्द होईल, आणि तुम्ही जुने ग्राहक धरले जाल."

"आन जुन्यास्नी..."

"योजना बंद आहे सर."

स्वामींनी कात्री घेतली आणि प्रत्येक कागदाचा तळ सरळ रेषेत कापून टाकला. चौथ्या दिवशी गुंडाप्पा तणतणत दारात आला. त्याच्या हातात तेच कागद होते.

"स्वामी, हे काय केलं? पाव्हणं म्हणत्यात, खालचं कापलंय म्हंजे मंगळ लपवलाय! सोयरीक मोडाय निघाले की ओ!"

मंगळ नाही, बायको लपवली आहे, असं काही स्वामींच्यानं सांगवेना. त्यांनी मान खाली घालून नवी प्रिंट काढली आणि तळासकट दिली. गुंडाप्पानं नाव वाचलं, स्वामींकडं बघितलं, आणि कागद घेऊन गेला. सोयरीक टिकली. टिकली ती टिकली, वर तामलवाडीच्या पाहुण्यांनी 'सास्तूरला ज्योतिषी बाई हाय' ही बातमी वाटेतल्या सगळ्या गावांना पुरवली.

आठवड्याभरात बायका यायला लागल्या. आधी एकट्या-दुकट्या, मग घोळक्यानं. स्वामींसमोर त्यांचे नवरे बोलायचे आणि त्या दाराआड उभ्या असायच्या. इरम्मासमोर त्या मांडी घालून बसायच्या आणि सगळं सांगून टाकायच्या. इरम्मा बटण दाबून कुंडली काढायची, कागदाकडं ओझरतं बघायची आणि विचारायची, "पोरगी काय म्हणती? पोरगं पितंय का? सासू कशी हाय?" ग्रहांचं काही आलंच, तर ती आतल्या दाराकडं बघून ओरडायची, "अवो, शनी कितव्या घरात वाईट असतो?" स्वामी आतून आकडा सांगायचे.

त्यांना वाईट वाटत होतं, मनापासून वाईट वाटत होतं. आपल्या वडिलांचं आसन, आपला लॅपटॉप, आपली विद्या, आणि लोक हात जोडतात ते आपल्याला ओलांडून. कधी कधी वाटायचं, सांगून टाकावं सगळ्यांना. पण सांगायचं काय? की सूट मिळावी म्हणून ज्योतिषानं स्वतःचं नाव काढून घेतलं? आणि दुसरीकडं हेही दिसत होतं की लोहाऱ्याची एस.टी. आता उलट्या दिशेनं भरून येते.

चैत्रात एका सकाळी घरासमोर जीप थांबली. येरमाळ्याहून एक बाई मुलीला आणि भावाला घेऊन आली होती. स्वामी ओसरीवर पेपर वाचत बसले होते.

"शरणार्थ," बाई हात जोडून म्हणाली. "अक्का हितंच ऱ्हात्यात ना?"

काय काम आहे ते मला सांगा, मी स्वतः ज्योतिषी आहे, असं म्हणायला स्वामींनी तोंड उघडलं. इरम्मा मागच्या अंगणात धुणं धूत होती. पाटावर कपडे आपटल्याचा आवाज इथवर येत होता.

"बसा," स्वामी म्हणाले. "अक्का पूजेला बसल्यात. येतील आत्ता."

आपण काय बोललो ते त्यांच्या कानावर पडलं तोवर पाहुणी मंडळी चटईवर टेकली होती. स्वामी उठून मागं गेले.

"चल लवकर. येरमाळ्याचं गिऱ्हाईक आलंय. हात-पाय धू, विभूती लाव आन मग ये. पूजेला बसलीस म्हणून सांगितलंय."

इरम्मानं पिळलेला कपडा बादलीत टाकला, पदरानं हात पुसले आणि आत गेली. स्वामी राहिलेल्या धुण्याकडं बघत उभे राहिले. आतून मुलीची आई रडत काहीतरी सांगायला लागली, तसे त्यांनी धोतर खोचलं, पाटापाशी उकिडवे बसले आणि आवाज होऊ नये अशा बेतानं कपडे धुवायला लागले.