उघाडी कुठे, पाणी कुठे

शनिवारी दुपारी रोह्याच्या कॉलेजात नमिताने आपल्या गावात पाणी शिरताना पाहिलं आणि ती खुर्चीतून उठून चक्क नाचली. पाणी संगणकाच्या पडद्यावर होतं, पण गाव तिचंच होतं. पेणच्या खाडीलगतचा बांध, बांधाआतली भातशेती, मधून तिरकी गेलेली पाण्याची जुनी नाळ, सगळं तिने भरती-ओहोटीच्या गणितात बसवलं होतं. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचं आणि उरलेल्या वेळात हे गणित, असं तिचं वर्षभर चाललं होतं.

गावाला बांधात नवी उघाडी बसवायची होती. उघाडी म्हणजे बांधातलं दार. ओहोटीला ते उघडतं आणि शेतात साचलेलं पाणी खाडीत जातं, भरतीला मिटतं आणि खारं पाणी बाहेर राहतं. ती बसवायची कुठे, यावरून नमिताच्या घरातच भांडण लागलं होतं. तिचे वडील काळुराम म्हणत, खाडीच्या वळणावर. तिथे त्यांचं शेत. तिची आत्या इंदुबाई म्हणे, देवळाकडे. तिथे तिचं. होळीपासून बहीणभावाचं बोलणं बंद होतं. रविवारी गावची सभा होती आणि दोन्ही जागांचं चित्र दाखवायचं नमिताने कबूल केलं होतं.

पहिलं चित्र देवळाकडच्या उघाडीचं आलं. शेतांच्या हद्दींवर निळा रंग पसरला, ओहोटी लागली, आणि आत्याचं शेत बघता बघता कोरडं झालं. बाबांच्या शेतात मात्र पाणी तसंच उभं. नमिताला इतका आनंद झाला होता की ते कोणाच्या बाजूने आहे हे तिच्या डोक्यातच आलं नाही. तिने फोनवर चित्रण करून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकूनही दिलं.

आत्याचा व्हॉइस मेसेज लगेच आला. "नमे, माजे बाय, तू खरी शिकलीस गो. मी पेढे वाटतंय." बाबांनीही चित्रण पाहिल्याची खूण उमटली.

तेवढ्यात श्रेयस चहा घेऊन आला. तो त्याच कॉलेजात संगणक शिकवायचा. घर पेणला, त्यामुळे दर शनिवार-रविवारी नमिता त्याच्या मोटरसायकलवरून घरी जायची. त्यावर गावात सगळे बोलत होते, फक्त ते दोघं त्यावर बोलत नव्हते.

श्रेयसने पडद्याकडे पाहिलं. मग मान वाकडी करून पुन्हा पाहिलं.

"नमिता, ही उघाडी एवढी रुंद कशी? यातून एसटी आडवी जाईल."

"कुठे?"

"आणि खाडी कुठे गेली? ही बारीक रेघ खाडी आहे?"

नमिताने खुर्ची पुढे ओढून पाहिलं. बांधाजवळ पाणी जोरात वळतं, म्हणून तिथे तिने गणितासाठी नकाशावर आखलेल्या जाळीचे चौकोन अगदी लहान घेतले होते. खाडीत आणि लांबच्या शेतात ते मोठे होत गेले होते. पण चित्र काढणाऱ्या सॉफ्टवेअरला हे तिने सांगितलंच नव्हतं. त्याने सगळे चौकोन एकाच मापाचे धरले. बांधाजवळची वीतभर जागा मैदानाएवढी झाली होती, अख्खी खाडी आकसली होती. शेतांच्या हद्दी तेवढ्या खऱ्या मापाच्या होत्या, आणि त्यांच्यावर भलत्याच जागचं पाणी येऊन बसलं होतं.

"म्हणजे आत्याचं शेत कोरडं झालेलंच नाही?"

"ते पाणी कोणाचं आहे, देव जाणे," श्रेयस म्हणाला.

"आत्या पेढे वाटतेय."

आधी श्रेयसला हसू फुटलं, मग तिला. चहा सांडला, तरी थांबेना. हसता हसताच तिने आत्याला फोन लावला. आत्याने उचलला नाही. ती पेढे वाटत होती.

मग ते कामाला लागले. चौकोनांच्या जागा दोन्ही दिशांनी मोजून सॉफ्टवेअरला द्यायच्या, म्हणजे कुठला चौकोन केवढा हे त्याला कळेल. जागा दिल्या. सॉफ्टवेअर म्हणालं, आकडे जुळत नाहीत. पुन्हा दिल्या. पुन्हा तेच. शिपाई किल्ल्या वाजवत दारात येऊन उभा राहिला तेव्हा त्यांनी लॅपटॉप मिटला.

रविवारी सकाळी ते मोटरसायकलवरून पेणकडे निघाले. नागोठण्याच्या पुढे रस्त्याकडेला एका प्लॉटला नवं कुंपण घातलं होतं. सिमेंटचे खांब एकामागून एक मागे जात होते. श्रेयस हेल्मेटच्या आतून काहीतरी ओरडला.

"काय?"

"खांब! मधल्या गाळ्यांपेक्षा खांब एक जास्त असतो!"

नमिताला क्षणभर काही कळलं नाही, आणि मग सगळं एकदम कळलं. चौकोन जितके, त्यांच्या कडा त्याहून एक जास्त. तिने कडांच्या जागी चौकोनांचे मध्यबिंदू दिले होते, म्हणून एक आकडा सारखा कमी पडत होता. तिने श्रेयसच्या पाठीवर एवढ्या जोरात थाप मारली की गाडी डगमगली.

गडब गावात एका वडापावच्या दुकानात त्यांनी लॅपटॉप उघडला. या वेळी सॉफ्टवेअरने निमूटपणे सगळं घेतलं. चित्र आलं आणि समुद्र डोंगरावर चढलेला दिसला.

"आडवं ते उभं झालंय," नमिता म्हणाली. "माझं गणित आधी उत्तर-दक्षिण लिहितं, आणि हे आधी पूर्व-पश्चिम वाचतं." तिला पुन्हा हसू आवरेना. श्रेयसने एका हातात वडा धरून दुसऱ्या हाताने क्रम उलटा केला.

आणि खाडी आली. रुंद, नागमोडी, जशी बांधावरून दिसते तशी. उघाडी बांधात दाराएवढी. ओहोटी लागली, पाणी तिरक्या नाळेतून सरकत गेलं. त्यांनी देवळाकडचं चित्र पाहिलं, मग वळणावरचं, मग दोन्ही पुन्हा पाहिली. नमिताने टेबलावर डोकं टेकलं. तिचे खांदे हलत होते. दुकानदाराने काळजीने पाण्याचा ग्लास आणून ठेवला.

सभा शाळेच्या वर्गात होती. बाबा मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसले होते. आत्या पुढे, मांडीवर पेढ्यांचा रिकामा खोका.

"कालचं चित्र चुकलं होतं," नमिताने आधीच सांगून टाकलं. "माझीच चूक. आत्ये, माफ कर. आता खरं बघा."

तिने वळणावरची उघाडी दाखवली. पाणी नाळेने तिरकं गेलं. आत्याचं शेत झपाट्याने कोरडं झालं, बाबांच्या शेतातलं पाणी रेंगाळलं. मग तिने देवळाकडची दाखवली. या वेळी बाबांचं शेत आधी मोकळं झालं आणि आत्याच्या शेतात पाणी तुंबून राहिलं.

मग मागून कोणीतरी खुदकन हसलं.

"म्हंजे मी इतके दिवस ह्याच्या शेतासाठी भांडत व्हते?" आत्याने विचारलं.

"आणि मी तुज्या," बाबा मागून म्हणाले. होळीनंतर ते पहिल्यांदाच बहिणीशी बोलत होते.

आत्या त्यांच्याकडे वळली. "मग उघाडी वळणावरच पायजे," ती ठामपणे म्हणाली.

"वळणावर नाय. देवळाकडं," बाबा म्हणाले.

अख्खा वर्ग हसत सुटला. आत्याने पदर तोंडाला लावला, पण तिलाही धरवेना, आणि बाबा तर डोळे पुसत होते. दोन ठिकाणी दोन लहान उघाड्या केल्या तर, असं कोणीतरी सुचवलं. त्याचंही गणित करून देते, असं नमिताने सांगितलं, आणि सभा त्यावर उठली. लोकांना मात्र उठायचं नव्हतं. प्रत्येकाला आपापलं शेत पुन्हा कोरडं होताना बघायचं होतं. नमिता ओहोटी लावत राहिली.

पाहुण्याने कोणाकडे जेवायचं यावरून बाबा आणि आत्या भांडायला लागले, तेव्हा ती श्रेयसला घेऊन बांधावर आली. खाली खरी भरती चढत होती.

"घरी आपलं सांगायचं का?" श्रेयसने विचारलं. तो पाण्याकडेच बघत होता.

"आपलं काय?"

"तेच. जे सगळ्यांना माहीत आहे."

नमिताने त्याच्याकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते. तिला इतकं हसू आलं की ती तिथेच बांधावर बसली, आणि हसता हसताच तिने मान डोलावली. तो बिचारा विचारत राहिला, हो म्हणजे हो ना, आणि तिला बोलताच येईना.

"अगो नमे," आत्याची हाक आली, "त्याला घेऊन ये गो जेवाला. तुजा बापूस माज्याकडंच जेवतंय."