शेवटचा रकाना

टकळीने उजवा बूट उलटा धरून पायरीवर तीनदा आपटला. पहिल्या दिवशी त्यातून बोटभर लांब गोम निघाली होती. तेव्हापासून आपटल्याशिवाय तिचा पाय आत जात नसे. आज नुसतं एक ओलं पान पडलं.

"आजही कोणी राहायला आलं नाही," ती म्हणाली. "माझ्या बुटाची बदनामी झालेली दिसतेय."

पलीकडे मौनी नाड्या आवळत होता. तो हसला, बोलला नाही. वर्गात दोघांची ही नावं पहिल्याच वर्षी पडली होती, आणि अशी घट्ट बसली होती की हजेरी घेताना सरसुद्धा चुकत. एकीच्या तोंडाची टकळी थांबायची नाही, दुसऱ्याच्या तोंडून शब्द काढायचा तर चिमटा लागायचा. नेमकं त्या दोघांनाच सरांनी एका जोडीत घातलं होतं. "सरासरी बरी येईल," असं वर म्हणाले होते.

समुद्र ओलांडून बारा जणांचा हा वर्ग या परक्या देशातल्या जंगलात आला त्याला पाच दिवस झाले होते. उद्या परत निघायचं होतं. या पाच दिवसांत टकळी धड झोपलीच नव्हती. डोळा लागतो न लागतो तोच छपरावरून माकडं धावत आणि ती उठून बसे. झाडं एवढी उंच, की शेंडा बघायला जावं तर डोक्यावरची टोपी मागे पडावी. प्रत्येक पानाखाली कोणी ना कोणी बिऱ्हाड केलेलं. आईला, आत्याला, शेजारच्या काकूंना वेगवेगळं वाटून सांगितलं असतं तरी वर्षभर पुरलं असतं!

पडवीत बाई कागद वाटत होत्या. अकरा वर्षं त्या इथे रानमांजरांचा अभ्यास करत होत्या. मूळच्या आपल्याकडच्या, म्हणून तर कॉलेजला आमंत्रण मिळालं. उन्हाने रापलेल्या, काटकुळ्या, केस आखूड कापलेले. पहिल्या दिवशी टकळीने त्यांना एका दमात कितीतरी प्रश्न विचारले, तेव्हा उत्तरं द्यायची सोडून त्या ऐकतच राहिल्या होत्या. "बोल गं, बोल," म्हणाल्या होत्या. "आपली भाषा इतकी भरभरून कानावर पडून युगं झाली."

"ओढ्याची वाट तुम्हा दोघांची," बाई आता म्हणाल्या. "नियम सांग बघू."

"काही दिसलं तर एकमेकांशी बोलायचं नाही. पाठीला पाठ लावून बसायचं, आपापल्या कागदावर लिहायचं. लिहून झालं की मग तोंड उघडायचं."

"का?"

"बोलून लिहिलं की चार डोळ्यांचे दोनच होतात."

"शाबास. आणि शेवटचा रकाना कोरा सोडू नकोस."

शेवटच्या रकान्यात एवढंच छापलेलं होतं: 'लिहिण्याआधी बोलणं झालं? होय / नाही.'

कागद देताना बाईंचा हात जरा रेंगाळला. त्या ओढ्यावर तीन वर्षांत सोनेरी रानमांजराची एकही खूण मिळाली नव्हती. तिथे झाडांना बांधलेले कॅमेरे काही पुरात वाहून गेले, उरलेले दमट हवेने आंधळे झाले. महिनाअखेरीपर्यंत दोघांनी स्वतंत्र लिहिलेली एक तरी नोंद वनखात्याकडे गेली नाही, तर ओढा राखीव हद्दीतून वगळला जाणार होता. आणि वगळला की पलीकडचे लाकूडतोडे थेट काठापर्यंत येणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. हे सगळं बाईंनी काल जेवताना दोन वाक्यांत सांगितलं होतं आणि लगेच पाणी मागितलं होतं.

वाटेला लागताच, जीभ अडकून राहावी म्हणून, टकळीने लिंबाची गोळी गालात धरली. तासाभरात तीन गोळ्या संपल्या. चौथीचा कागद सोडणार एवढ्यात पुढे चाललेला मौनी जागच्या जागी थांबला.

ओढ्यावर एक खोड आडवं पडलं होतं, आणि खोडावर बसून ते पाणी पीत होतं.

भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीचा रंग. खांदे पाण्याकडे झुकलेले, मागचे पाय आखडून घेतलेले. जीभ पाण्याला लागल्याचा बारीक आवाज येत होता. मग त्याने मान वर केली आणि दोघांकडे बघितलं. भ्यालं नाही, गुरगुरलं नाही. घरात न विचारता आलेल्या पाहुण्यांकडे बघावं तसं बघितलं, खोडावरून पलीकडे गेलं आणि पानांत मिसळून गेलं.

"अगंबाई, मांजर! सोनेरी मांजर! बघितलंस ना?"

टकळीने मौनीचं मनगट गच्च धरलं होतं. आपला आवाज ओढ्यावरून परत आलेला ऐकला आणि तिने जीभ चावली. बैल गेला आणि झोपा केला, तसा मग तिने तोंडावर हात ठेवला.

मौनीने डोळे मिटून घेतले. मग पाठ फिरवून बसला आणि लिहायला लागला. तीही बसली, त्याच्या पाठीला पाठ लावून. वेळ, अंतर, रंग, काय करत होतं. घाईने खरडलेलं अक्षर दुसऱ्याच कोणाचं वाटलं.

"'नाही'वर खूण कर," पाठीमागून मौनी म्हणाला.

"अरे, पण मी बोलले."

"मी आधीच बघितलं होतं. तू ओरडलीस म्हणून काही ते माझ्या डोळ्यांत शिरलं नाही. आपण खोटं कुठे लिहितोय? इथे ऐकायला तरी कोण आहे?"

दोन वर्षांत तो इतकं सलग बोलला नव्हता. मग तो हळूच म्हणाला, "ओढा जाईल गं."

तिने पेन्सिल रकान्यावर टेकवली आणि तशीच उचलली. कागदाची घडी करून खिशात घातली.  परतीच्या तासाभरात तिने एक गोळीही खाल्ली नाही.

पडवीत पाऊल ठेवताच बाईंनी मौनीच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि नुसता हात पुढे केला. दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवून त्या वाचायला लागल्या. एका ओळीवर थांबून चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

"खोडावर," त्या म्हणाल्या. "माझ्या ओढ्यावर!"

मग एकच गलका झाला. सर टाळ्या वाजवायला लागले, स्वयंपाकी हातातला झारा घेऊन धावत आला, इतर जोड्यांमधली मुलं बाकांवर चढली. कोणीतरी मौनीला उचलून घेतलं. बाई हसत होत्या, आणि पाच दिवसांत पहिल्यांदाच त्यांचं वय कळेनासं झालं.

"अगं, तुझा शेवटचा रकाना राहिलाय," असं म्हणत त्यांनी स्वतःचं पेन टकळीपुढे धरलं. "घाईत विसरलीस बघ."

टकळीने पेन घेतलं. मौनी तिच्याकडे बघत होता; त्याच्या कागदावर 'नाही'वर खूण होती. तिने वाकून 'होय'वर खूण केली.

पडवीतला आवाज आधी पुढच्या बाकावर थांबला, मग मागच्या.

"बाई, मी ओरडले," ती म्हणाली. "मांजर, सोनेरी मांजर, असं ओरडले. त्याने लिहायच्या आधी."

"अहो बाई, एवढ्याशा गोष्टीसाठी?" सर पुढे आले. "बघितलंय तर दोघांनी."

"बघितलंयच. मला शंका नाही, सर." बाईंनी पट्टी घेतली. दोन्ही कागदांवर तिरकी रेघ मारली आणि खाली सही केली. "पण हा रकाना मीच छापून घेतलाय ना."

मौनीने मान खाली घातली. टकळीचे डोळे भरून आले.

"माझ्यामुळे ओढा..."

"महिना संपायला अजून नऊ दिवस आहेत. उद्यापासून मी आणि हा स्वयंपाकी जाऊ. मांजर आणि मुंगूस यातला फरक त्याला कळतो, एवढं पुरे."

स्वयंपाक्याने झारा उंचावून होकार दिला. कोणीतरी हसलं.

बाईंनी रद्द झालेले कागद फाईलमध्ये लावले, फाईल कपाटात ठेवली. मग एक स्टूल ओढून त्या दोघांच्या मधोमध, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल अशा बसल्या.

"नोंद बाद झाली. आता बोलायला कोणाची बंदी नाही. सांग गं, कान कसे होते?"

"म्हणजे... तुम्हाला माहीत नाही?"

"मला पायाचे ठसे माहीत आहेत. केस माहीत आहेत, विष्ठा तर बरण्या भरभरून. दुसऱ्या खोऱ्यांतल्या कॅमेऱ्यांनी काढलेले फोटो आहेत." बाईंनी चष्मा काढून हातात घेतला. "समोर, जिवंत, नाही गं. अकरा वर्षांत एकदाही नाही."

टकळीने डोळे पुसले. "गोल होते. मागून काळे."

"मागून कुठे दिसले तुला?" मौनी म्हणाला. "आपल्याकडे तोंड होतं त्याचं."

"पाणी पिताना मान खाली होती तेव्हा! तू काय खोडाकडे बघत होतास?"

"शेपटी तर तुला दिसलीच नाही. खालून पांढरी होती."

"होती, पण टोकालाच!"

"अर्धी तरी!"

"आणि डोळे?" बाईंनी विचारलं.

"पिवळे," मौनी म्हणाला.

"हिरवट," टकळी म्हणाली. "शपथ, बाई, हिरवट!"

बाईंनी हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटून घेतले.

"दोन्ही सांगा," त्या म्हणाल्या. "सावकाश सांगा."