घड्याळजींचा जोरदार बॉल

आपलं वय झालं हे माणसाला स्वतःला सगळ्यात शेवटी कळतं. घड्याळजींना ते मंगळवारी जेवताना मुलाने सांगितलं, तेही भाजी वाढून घेता घेता.

"बाबा, यंदा टीममध्ये तुमच्या जागी आमच्या गॅरेजच्या मालकांना घ्यावं म्हणतोय."

टीम तिघांची होती. घड्याळजी, टायर बसवणारा मुलगा आणि बांधकामाचे नकाशे काढणारा जावई. पिना पाडायच्या बोलिंगची ही टीम काढली घड्याळजींनीच, बावीस वर्षांपूर्वी. बाकीचे गडी आले नि गेले, घड्याळजी मात्र कायम. पण गेल्या मोसमात टीम शेवटून पहिली आली, आणि त्यात त्यांच्या हाताचा वाटा मोठा होता. दिवसभर भिंगाखाली केसाएवढ्या स्प्रिंगा उचलणारा तो हात. त्याने सोडलेला बॉल पिनांपर्यंत पोचेस्तोवर माणसाला बूट सोडून पुन्हा बांधता आले असते.

"नावं कधी द्यायचीत?" घड्याळजींनी विचारलं.

"शुक्रवारी संध्याकाळी."

"मग शुक्रवारी बघू," एवढंच म्हणून ते जेवत राहिले. मनात काय शिजतंय याची ताकास तूर लागू दिली नाही. बायकोने मात्र ओळखलं, कारण त्यांनी आमटीत मीठ नसल्याची तक्रार केली नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान लवकर बंद करून ते बोलिंग हॉलच्या कोपऱ्यातल्या दुकानात गेले. तिथे बॉल विकणारा आणि गिऱ्हाइकाच्या बोटांच्या मापाने त्याला भोकं पाडून देणारा इसम बसायचा. त्याला सगळे गिरमिट म्हणत, आणि त्याचा स्वभाव पाहता नाव चुकलं नव्हतं.

"सगळ्यात जोरदार बॉल कुठला?" घड्याळजींनी विचारलं.

गिरमिटाने फळीवरचा काळानिळा बॉल दाखवला. "हा. पण कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

गिरमिटाने हातातलं फडकं खाली ठेवलं. "काका, ऐका. लेनच्या लाकडी पट्ट्यावर सुरुवातीच्या भागात तेल असतं, त्यावरून बॉल घसरत जातो. हा बॉल तेलातसुद्धा पकड घेतो आणि वळतो. तुम्ही टाकता सावकाश. याला पकडायला वेळच वेळ मिळणार. अर्ध्या वाटेत वळेल आणि पिनांपाशी जाईपर्यंत याचा दम संपेल. तुम्हाला कमी पकड घेणारा बॉल पाहिजे."

पालथ्या घड्यावर पाणी. घड्याळजींचा हिशेब साधा होता. हातातला जोर कमी झालाय, तर तो बॉलमध्ये भरून घ्यायचा. जुन्या घड्याळात नवी स्प्रिंग घातली की ते चालतं, हे त्यांनी चाळीस वर्षं पाहिलं होतं. मापं देताना त्यांनी वर सांगितलं, "भोकं जरा मोठी ठेव. खेळताना माझी बोटं फुगतात." त्यांची बोटं जन्मात कधी फुगली नव्हती, पण ती बारीक आहेत हे कबूल करायचं नव्हतं.

घोडामैदान जवळच होतं. शुक्रवारी संध्याकाळी सगळं घर हॉलमध्ये हजर झालं. बायको नेहमीप्रमाणे लेनमागच्या छोट्या टेबलाशी गुण लिहायला बसली. टीम निघाली तेव्हापासून हे काम तिचंच. दिवसा ती धुलाई केंद्रात ओल्या चादरी पिळून गाड्यात टाकायची आणि संध्याकाळी इथे येऊन इतरांच्या पिना मोजायची.

घड्याळजींनी बॉल उचलला, श्वास घेतला, चार पावलं टाकली आणि सोडला. बॉल छान निघाला. अर्ध्या वाटेत त्याला काहीतरी आठवल्यासारखं झालं, तो डावीकडे वळला आणि मग रेंगाळत रेंगाळत कडेच्या दोन पिनांना नमस्कार करून गेला. दुसऱ्यांदा एक पडली. तिसऱ्यांदा बॉल पिनांपर्यंत न जाता लेनच्या कडेच्या नालीत उतरला. गिरमिट दुकानाच्या दारात उभा होता. त्याने तोंड फिरवून घेतलं, हे त्याचे उपकार.

"बॉलच खराब आहे," घड्याळजी म्हणाले.

"बघू," म्हणत मुलगा पुढे झाला. तो अंगठा न घालता दोन्ही हातांनी बॉल भिरकावतो, टायर फिरवल्यासारखा गरगरवून. एवढी फिरकी आणि त्यात ही पकड! बॉलने उजवीकडून असं काही वळण घेतलं की एकाही पिनेला न शिवता तो डावीकडच्या नालीत जाऊन पडला. टायरवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. सासरे हसले नाहीत म्हणून जावई धीराने उठला. त्याचं सगळं मोजूनमापून. पावलं पाच, हात सरळ, फिरकी बेताची. बॉल वळलाही बेताने, पण नेमका पहिल्या पिनेच्या नाकावर बसला, आणि दोन्ही कोपऱ्यांत एकेक पिन तशीच उभी राहिली.

"आठ," बायकोने लिहिलं. मग पेन्सिल ठेवून ती उठली. "बघू तरी कसला आहे. एवढं ओझं घरी वाहून न्यायचंय ते."

गिरमिटाने तिच्यापुढे लेनवर घालायचे बूट ठेवले. भोकं ऐसपैस होती, तिची बोटं सहज गेली. तिला फिरकी येत नव्हती, पावलं मोजायची माहिती नव्हती. तिने बॉल ओल्या चादरीचं गाठोडं फेकावं तसा सरळ आणि सणसणीत फेकला. तेलावरून तो नाकासमोर गेला, कारण वळायला त्याला सवडच मिळाली नाही. अगदी शेवटी जरासा आत सरकला, आणि दहाच्या दहा पिना आडव्या झाल्या.

बॉल परत आला. तिने पुन्हा टाकला. पुन्हा दहा.

"हा बॉल यांच्यासाठीच आहे," गिरमिट म्हणाला. "हात जोराचा आणि फिरकी नाही. मी काय घसा फोडून सांगत होतो?"

तेवढ्यात हॉलचा कारकून वही घेऊन आला. मुलगा आणि जावई यांची नावं त्याने लिहिली आणि विचारलं, "तिसरं?" मुलाने आईकडे पाहिलं, मग वडिलांकडे, मग स्वतःच्या बुटांकडे. गॅरेजच्या मालकाचं नाव काही त्याच्या तोंडातून निघेना.

"माझं नाही हं," बायको म्हणाली. "ती जागा यांची आहे." म्हणाली खरी, पण बॉल तिने अजून दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता.

घड्याळजींना वाईट वाटलं, खूप वाटलं. गॅरेजच्या मालकाकडून हरलो असतो तर चार शिव्या घालून मोकळा झालो असतो, असं त्यांच्या मनात आलं. घरच्या माणसावर राग तरी कसा धरायचा? ते थोडा वेळ आपल्या बारीक बोटांकडे बघत राहिले. मग कारकुनाच्या हातून पेन घेतलं आणि तिसऱ्या ओळीत बायकोचं नाव स्वतःच्या हाताने लिहिलं, घड्याळाच्या तबकडीवर आकडे काढावेत तसं नीट.

"आता एक पूर्ण डाव खेळा," ते म्हणाले. "गुण मी लिहितो."

ते टेबलाशी जाऊन खुर्चीवर बसले, तशी खुर्ची एकदम डावीकडे कलली. सावरून बसले, तर उजवीकडे.

"अगं, ही खुर्ची डुगडुगते."

"हो," बायको बॉल पुसत म्हणाली.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"बावीस वर्षं? मग बोलली का नाहीस कधी?"

"बोलले होते एकदा," ती म्हणाली. "तुमची पाळी होती तेव्हा." आणि ती बॉल टाकायला गेली.